स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची व्हिडिओवरील तपासणी : घरच्यांनी करावयाची तयारी

एसटीने जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्याची दगदग स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अधिकच गोंधळात टाकते. त्यामुळे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर, स्वतःच्या मोबाइलवरून किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत, डॉक्टरांशी बोलता येत असेल तर ही सोय अवश्य वापरावी. मात्र कॅमेऱ्यात जे दिसत नाही ते घरच्यांनाच सांगावे लागते.

म्हणून सर्वांत आधी एक वही करावी. विसरणे केव्हापासून सुरू झाले, ते हळूहळू वाढले की अचानक, हिशेब, गॅस बंद करणे, शेतावरून घरी परतणे यांपैकी कुठे अडते, झोप, भूक, लघवी, पडणे, भास आणि संशय यांत काय बदलले, हे तारखेसह लिहावे. ‘फार विसरतात’ एवढ्याने डॉक्टरांना फारसे कळत नाही. ‘पेन्शनचे पैसे स्वतःच कोठीत ठेवले आणि सुनेवर आळ घेतला’ असा घडलेला प्रसंग सांगितला तर कळते.

चालू असलेली सर्व औषधे, अगदी सर्दीच्या, झोपेच्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह, समोर ठेवावीत, कारण त्यांतील काही औषधांनीही गोंधळ वाढतो. थायरॉइड, बी-१२ आणि साखरेचे जुने अहवाल असल्यास तेही काढून ठेवावेत. यांतील बिघाडामुळेही विसरणे वाढू शकते आणि ही कारणे उपचाराने सुधारता येतात. रक्तदाब आणि वजन आदल्या दिवशी उपकेंद्रात मोजून घ्यावे.

सायंकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते, म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. रेंज कुठे मिळते ते आधी पाहावे, टीव्ही बंद करावा, उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसवावे आणि चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये.

आजोबा किंवा आजींना आपण कोणाशी आणि कशासाठी बोलणार आहोत ते सांगून त्यांची संमती घ्यावी. प्रश्न त्यांना विचारला असेल तर उत्तरही त्यांनाच देऊ द्यावे, मग ते चुकले तरी चालेल. त्यांच्यादेखत त्यांच्या चुकांचा पाढा वाचणे अत्यंत क्लेशदायक असते. अवघड गोष्टी बोलण्यासाठी डॉक्टरांकडे वेगळी पाच मिनिटे मागावीत. सांभाळणाऱ्या सुनेची किंवा मुलीची झोप होत नसेल तर तेही तेव्हाच सांगावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिलाही बोलता येते.

गोंधळ अचानक वाढला, ताप आला, डोक्याला मार लागला किंवा एका बाजूची ताकद गेली, तर व्हिडिओच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.