लम्पी कोणत्या वाटेने येते? पावसाळ्याआधी पशुपालकांनी करायची तयारी

गाई-बैलांना ताप आणून त्यांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लम्पी चर्मरोगाची, म्हणजे या विषाणूजन्य रोगाची, भारतातली पहिली नोंद 2019 मध्ये ओडिशात झाली आणि 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या दावणीच्या दावणी तापाने फणफणल्या. पाऊस पडून गोठ्याभोवती ओल साचली की चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग हा रोग येतो. त्यामुळे लसीकरण मे महिन्यातच उरकावं. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण 3 आठवडे लागतात.

रोग दोन वाटांनी पसरतो. गावातल्या गावात तो माशी नेते. चावणारी माशी एका जनावरावर पोटभर रक्त पीत नाही. शेपटीचा फटका बसला की उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेला विषाणू असा दावणीतल्या दावणीत फिरतो. म्हणून सुरुवातीचे रुग्ण एकाच गोठ्यात, मग लगतच्या वस्तीवर दिसतात. लांबच्या गावात अचानक गाठी दिसल्या, तर मात्र आधी बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आलेलं जनावर शोधावं. इतका मोठा पल्ला बहुतेक वेळा टेम्पोनेच गाठलेला असतो.

विकत आणलेली गाय धडधाकट दिसते, तिथेच फसगत होते. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला 4 दिवसांपासून 4 आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणून नवं जनावर 28 दिवस वेगळं बांधा. त्याची गव्हाण आणि पाण्याची बादली वेगळी ठेवा, धार सगळ्यात शेवटी काढा. रोज सकाळी ताप मोजा. 104 अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप, डोळ्यांतून पाणी, खांद्यापुढची लसिका ग्रंथी सुजलेली, असं काहीही दिसलं की अंगावर गाठी येण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा. 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

साथ सुरू झाल्यावर लस टोचली की काही जनावरांना त्यानंतर आठवडाभरात गाठी येतात आणि दोष लसीला दिला जातो. त्यांना संसर्ग बहुधा आधीच झालेला असतो. आजारी जनावराला लस देऊ नये. बाधित गावाभोवती 5 किलोमीटरच्या परिसरातल्या निरोगी जनावरांना द्यावी. प्रत्येक जनावरासाठी नवी सुई वापरा. एकच सुई सगळ्या दावणीला फिरवली तर माशीचं काम आपणच करतो. लस बर्फातच आणावी, द्रावण तयार केल्यावर 2 तासांत संपवावी. लस घेतलेल्या गाईच्या वासराला 4 महिन्यांनंतर टोचतात.

माशी शेणात आणि कुजक्या वैरणीत वाढते. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळी हवेत 2 ते 3 आठवडे लागतात. त्यामुळे गव्हाणीखालचा ओला कचरा आठवड्यातून दोनदा काढला तरी पुढची पिढी बऱ्याच अंशी रोखली जाते. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या आणि ताडपत्रीने झाका. गोचिडांसाठी भिंतींच्या फटींतही फवारा, नुसत्या अंगावर मारून भागत नाही. निर्जंतुकीकरणाला 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालतं, पण आधी शेण खरवडून काढा, नाहीतर औषध वाया जातं. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर टिकतो.

गावाचा हिशेब एका वहीत ठेवा: रोजचे नवे आजारी, मृत आणि एकूण गोवर्गीय जनावरं. समजा 40 जनावरांत 6 आजारी पडली आणि 1 दगावलं. लागण झाली 15 टक्के, तर आजाऱ्यांपैकी मृत्यू जवळपास 17 टक्के. हे दोन आकडे एकत्र करू नका. लागण वाढत असेल तर माशी आणि ये-जा आवरायला हवी. लागण तेवढीच राहून मृत्यू वाढत असतील, तर उपचार उशिरा सुरू होत आहेत का आणि लहान वासरांची काळजी कमी पडते आहे का, ते आधी पाहा.

पोळ्याला परिसरात एकही रुग्ण असेल तर बैल घरीच पुजा, मिरवणुकीत आणू नका. दूध उकळून प्यायला हरकत नाही. लम्पी माणसाला होत नाही.