दिसतं तेच लिहा : सेक्रेटरी वळणाचं जुनं इंग्रजी वाचताना

वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीचं नाव निघालं की गप्पा 'फर्स्ट फोलिओ'च्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहाच्या, ८२ प्रतींकडे वळतात. हस्तलिखितांवर काम करायचं असेल तर तो मोह आवरा. तिथली सुमारे साठ हजार हस्तलिखितं, म्हणजे पत्रं, घरखर्चाचे हिशेब, दस्तऐवज, औषधांच्या आणि पाककृतींच्या वह्या, हा वेगळाच संसार आहे. त्यातल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कागदांपुढे उत्तम इंग्रजी येणारा माणूसही पहिल्या दिवशी अक्षरशत्रू ठरतो. कारण तेव्हाचं रोजचं लेखन मुख्यतः 'सेक्रेटरी हँड' नावाच्या वळणात व्हायचं. आजच्या अक्षराच्या जवळचं 'इटालिक' वळण त्याच्या जोडीला होतं आणि सतराव्या शतकात दोन्हींची सरमिसळ होत गेली. मोडी शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल : भाषा कळते, अक्षर कळत नाही.

पहिला आठवडा फक्त अक्षरांना द्या. 'ई' उलट्या बाजूला वळलेलं असतं. 'सी' आजच्या 'आर'सारखं दिसतं, तर 'आर' कधी २ च्या आकड्यासारखं, कधी ओळीखाली लांब उतरलेलं. 'एच'ची शेपटी ओळीखाली जाऊन डावीकडे वळते आणि घाईने लिहिणाऱ्याच्या हाती तेवढी शेपटीच उरते. शब्दाच्या मधला 'एस' काठीसारखा लांब, हमखास 'एफ' समजला जाणारा. शेवटचा मात्र छोटा, गुंडाळलेला. 'आय', 'एन', 'एम', 'यू' ही तर नुसत्या उभ्या दांड्यांची रांग. तिथे शब्द ओळखू नका, दांड्या मोजा. पाच दांड्या म्हणजे 'एम' आणि 'एन' की 'एन', 'आय' आणि 'यू', हे टिंबावरून आणि आजूबाजूच्या अक्षरांवरून ठरवायचं असतं.

नवख्याची सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. पहिली दोन अक्षरं लागली की मेंदू उरलेला शब्द स्वतःच भरतो, वाक्याला अर्थही येतो, आणि चुकीचं वाचन बिनबोभाट वहीत जातं. म्हणून नियम कडक ठेवा : जे लागलं नाही तिथे जागा सोडा, शक्यता चौकोनी कंसात लिहा, पुढे चला. पानाच्या शेवटी परत आलात की अडलेल्या शब्दांपैकी बरेच आपोआप सुटतात, कारण तोवर तो हात, म्हणजे त्या लेखकाचं अक्षर, ओळखीचा झालेला असतो.

त्या हाताची ओळख पक्की करण्यासाठी प्रत्येक लेखकाचा स्वतंत्र तक्ता करा. खात्रीच्या शब्दांतून एकेक अक्षर उचलून, जसं दिसतं तसं, पेन्सिलीने गिरवायचं. खात्रीचे शब्द कुठून आणायचे? ठरलेल्या साच्यांतून. पाककृतीची सुरुवात बहुधा 'टेक'ने होते आणि गुणकारी ठरलेल्या औषधाखाली 'प्रोबाटुम एस्ट', म्हणजे 'अनुभवसिद्ध', हा लॅटिन शेरा असतो. पत्राचा मायनाही ठरीव. म्हणूनच नवशिक्याने कविता किंवा खटल्याचे कागद न घेता पाककृतींची वही घ्यावी असं आमचं मत आहे. एक खबरदारी मात्र हवी : अशा वह्या दोन-तीन पिढ्यांनी भरलेल्या असतात. अक्षर बदललं की तक्ताही नवा.

स्पेलिंग सुधारण्याचा हात आवरा. शब्दाच्या सुरुवातीला 'व्ही' आणि मध्ये 'यू' लिहायचा प्रघात होता, म्हणून 'अपॉन' हा शब्द 'व्ही'ने सुरू झालेला दिसेल आणि 'हॅव'मध्ये 'यू' असेल. तो तसाच उतरवा. ओळीही मुळात जिथे तुटतात तिथेच तोडा. पुन्हा पडताळायला बसाल तेव्हा याचं मोल कळेल.

संक्षेप हे दुसरं रान. 'वाय'च्या डोक्यावर 'ई' म्हणजे 'द'. त्यातला 'वाय' हा 'थ' उच्चाराच्या जुन्या अक्षराचा अवशेष आहे, त्यामुळे 'यी' असं वाचू नका. डोक्यावर 'टी' असेल तर 'दॅट'. 'पी'च्या दांड्याला आडवी रेघ असेल तर 'पर' किंवा 'पार', तीच रेघ डावीकडून गोल फिरून आली असेल तर 'प्रो'. अक्षरावरच्या आडव्या रेघेने बहुधा 'एम' किंवा 'एन' गाळल्याचं कळतं. संक्षेप सोडवताना तुम्ही भरलेली अक्षरं तिरक्या ठशात द्यायची, म्हणजे कागदावर काय होतं आणि तुम्ही काय घातलं हे वाचणाऱ्याला वेगळं दिसतं.

तारखेचा घोळ अनुभवी लोकांनाही चुकत नाही. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फोल्जरमधलं जॉन डन या कवीचं पत्र (शेल्फमार्क, म्हणजे संग्रहातला ओळख-क्रमांक, एल.बी.५२६) घ्या. चोरून केलेल्या लग्नाची कबुली त्याने सासऱ्याला, सर जॉर्ज मोर यांना, दिली ते हे पत्र. त्यावर २ फेब्रुवारी १६०१ अशी तारीख आहे, पण आपल्या हिशेबाने ते १६०२ साल. नोंद १६०१/२ अशी करायची. लग्न डिसेंबर १६०१ मधलं, म्हणजे वर्ष न बदलता घेतलं तर कबुली लग्नाच्या दहा महिने आधीची ठरेल! शिवाय राज्यवर्षं असतात, म्हणजे राजा किंवा राणी गादीवर आल्यापासून मोजलेली वर्षं. पहिल्या एलिझाबेथ राणीचं ३६ वं वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १५९३ ते १६ नोव्हेंबर १५९४. जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनाचं इसवी साल काढताना कधी ५९९, कधी ६०० मिळवणाऱ्या मराठी अभ्यासकाला हे जड जाऊ नये.

हिशेबाच्या कागदात आकडे रोमन असतात आणि शेवटचा 'आय' 'जे'सारखा लांबवतात. चाराच्या डोक्यावर छोटे दोन 'एक्स' म्हणजे चार विसा, ८०. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. १३ शिलिंग ४ पेन्स ही रक्कम वारंवार दिसली तर चक्रावू नका. तो एक 'मार्क', पौंडाचा दोन तृतीयांश. बेरीज करून बघा. जुळली तर वाचन बरोबर असण्याची शक्यता मोठी. न जुळली तर आधी स्वतःवर शंका घ्या, मग कारकुनावर.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच. हात धुऊन कोरडे करा. कागदाला हातमोजे सहसा नको म्हणतात, कारण बोटांचा अंदाज जाऊन पान फाटतं. वही फोमच्या उतरत्या आधारावर ठेवा आणि पान दाबायला कापडी वजनाची माळ वापरा. शाईकडे खास लक्ष हवं. ती मायफळ, हिराकस आणि डिंक पाण्यात किंवा वाइनमध्ये घालून केलेली असे (मायफळ, जायफळ नव्हे). हिराकस जास्त पडला आणि पुढे दमट हवा लागली की शाई कागद खाते. आधी अक्षराभोवती तपकिरी कडा, मग मागच्या बाजूला उमटलेला मजकूर, शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक. असं पान स्वतः उलटू नका, कर्मचाऱ्यांना हाक मारा.

वॉशिंग्टनला जाण्याआधी घरबसल्या बरंच होतं. फोल्जरच्या हजारो पानांची छायाचित्रं विनामूल्य आहेत आणि त्यातल्या पुष्कळांची तपासलेली लिप्यंतरंही, म्हणजे आजच्या अक्षरात उतरवलेला मजकूर. आधी आपलं लिप्यंतर पुरं करा, मगच त्यांचं उघडा. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा विनामूल्य ऑनलाइन पाठही सोप्याकडून अवघडाकडे नेतो. यंत्राने वाचून घेण्याची साधनं आलीत, पण चुकीचा शब्दही ती बिनदिक्कत सफाईने देतात, म्हणून पहिले काही महिने ती दूर ठेवलेली बरी. नोकऱ्या मोजक्या आहेत. अमेरिकेत सूची करणाऱ्याला बहुधा ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. संशोधकासाठी अल्प मुदतीच्या फेलोशिप हा जास्त सरळ रस्ता, आणि अर्जात कुठला कागद कशासाठी बघायचा हे शेल्फमार्कसह लिहावं. मराठी इतिहासवाल्यांना याचा थेट उपयोग आहे : सुरत आणि राजापूरच्या वखारींची शिवकाळातली इंग्रजी पत्रं याच मिश्र वळणांच्या घराण्यातली. त्यांच्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर आणि मुंबईचं पुराभिलेखागार ही दोन ठिकाणं.

कागद परत करण्यापूर्वी शेल्फमार्क, पानाचा क्रमांक आणि पुढची बाजू की मागची, हे तीनही टिपा. पत्र असेल तर मागची पत्त्याची बाजू, घड्यांच्या खुणा आणि लाखेचा डागही नोंदवा. पत्र खरंच रवाना झालं होतं की कच्चा खर्डाच राहिला, हे पुष्कळदा तिथूनच कळतं.