बोलण्यातली उधारी कशी पकडायची?
एक दिवस फक्त कान उघडे ठेवा, पीएमपीच्या बसमध्ये, मंडईत, घरी आजीशी बोलताना, आणि चांगल्यावाईटाच्या गोष्टीत पैशाचा शब्द आला की लगेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. उपकार फेडले, आईबापाचे पांग फेडले, केलेल्या चुकीची किंमत मोजली, अपमान व्याजासकट परत केला. मग बघायचं, यात देणेकरी कोण नि घेणेकरी कोण? 'मिंधा' सापडला तर थांबाच, कर्जदाराची खाली गेलेली मान त्यात अख्खी दिसते. जुन्या वैदिक कल्पनेत तर माणूस जन्मतोच तीन ऋणं घेऊन, देव, ऋषी आणि पितरांचं. पण सगळंच ओढूनताणून पैशात बसवू नका, पापाचा घडा भरतो तिथे हिशोब नाहीये, भांडं आहे. 'ऋणानुबंध' वेगळा लिहा, मला फार जवळचा शब्द, हे ऋण फिटावं असं कुणालाच वाटत नाही.