पुराचा निरोप: नव्या तलाठ्यांसाठी

महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यातले कितीतरी पावसाळे नाशिकच्या नियंत्रण कक्षात. नवीन मुलामुलींना पहिलं सांगतो: फोनची यादी जुनी झालीय असंच धरून चाला. बदल्या उन्हाळ्यात होतात, यादी गेल्या वर्षीचीच राहते. दर गावाचे तीन नंबर घ्या. तलाठी, पोलीस पाटील आणि नदीकाठी घर असलेला एक माणूस. स्वतः लावून बघा, आवाज ऐकल्यावरच बरोबरची खूण करा.

शहराच्या वर गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचा आकडा येतो. तो तसाच पुढे ढकलू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, पण भांडी बाजारातल्या दुकानदाराला त्यातून काय कळणार? त्याला नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कळते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की छातीला, यावर गोदाकाठ पिढ्यान् पिढ्या सामान हलवत आलाय. निरोपात एवढंच हवं: पाणी कुठवर येईल, किती वाजेपर्यंत, आणि आत्ता काय करायचं. ‘चारच्या आत तळघर रिकामं करा, घाटावरच्या गाड्या काढा.’

एका वर्षी रात्री खालच्या गावात फोन लावला आणि रजिस्टरला ‘कळवले’ लिहून मोकळा झालो. माणूस तापाने फणफणला होता, फोन पोराने घेतला, ‘हो’ म्हणाला. पहाटे मळ्यात दावणीच्या दोन गायी गेल्या. एकीने खुंटा अर्धा उपसला होता, दावं मानेत रुतलं होतं. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून ‘कळवले’ शब्द बंद. निरोप कुणी घेतला, किती वाजता आणि त्याने काय केलं, हे लिहायचं. ‘दवंडी दिली, जनावरं सोडली’ असं उलट कळेपर्यंत ती ओळ अपुरी.

नाशिकच्या खाली गोदाकाठी असलेल्या चांदोरी-सायखेड्याला वरून धरणांचं पाणी आणि खालून नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा, दोन्ही. तिथला निरोप सगळ्यात आधी. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून यायला चार-पाच तास धरा, म्हणून मागणीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांपुढे पाणी चढायच्या आत ठेवा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला जाल, तेव्हा लोकांनी चिखल धुवायच्या आत भिंतीवरच्या रेघेवर तेलरंग फिरवून तारीख टाका. पुढच्या खेपेला ‘त्या रेघेपर्यंत येईल’ एवढं म्हटलं की घर हलतं.