जुन्या वाणांचे फुलकंद लावताय? या चुका टाळा

नव्या संकरित जातीचा कंद गेला, तर पुढच्या हंगामात तसाच दुसरा मिळतो. जुन्या वाणाचं तसं नसतं. ‘कायझर्सक्रून’ हा लाल-पिवळा ट्यूलिप १७५० पासून आणि ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ ही पांढरी पिओनी १८५१ पासून आजवर आली, ती बागकाम करणाऱ्यांनी कंद आणि गड्डे एकमेकांना देत राहिल्यामुळे. बी पेरलं तर मूळ फूल येईलच असं नाही, बहुतेक वेळा भलतंच येतं. म्हणून हातातला कंद जपणं महत्त्वाचं. आणि तो बिघडतो बहुधा फुलं येऊन गेल्यावर, जेव्हा आपलं लक्ष उडालेलं असतं.

पानं भरपूर, फूल नाही

याचं कारण बरेचदा मागच्या वर्षात असतं. डॅफोडिलचा बहर संपला की पानं लोळतात, वाफा विस्कटलेला दिसतो आणि लगेच कात्री चालते. पण पुढच्या कळीची शिदोरी हीच पानं कंदात भरत असतात. फूल सुकलं की दांडा कापा, म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही. पानं मात्र किमान ६ आठवडे ठेवा. ती पिवळी पडून हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आली, तरच काढायची. काहीजण पानांच्या वेण्या घालून रबर लावतात. तेही नको, पानाला मिळणारं ऊन त्यात कमी होतं.

पानं राखूनही फूल नसेल तर सावली वाढली आहे का बघा. नत्रयुक्त खत जास्त झालं तरी नुसता पाला माजतो. निशिगंधात आणखी एक गोष्ट आहे: एक कंद एकदाच फुलतो, नंतर त्याच्या भोवतीच्या पिल्लांवर भिस्त असते. गड्डा वर्षानुवर्षं तसाच ठेवला, तर पिल्लांची दाटी होऊन कुणालाच पोसायला जागा उरत नाही. गड्डा उकरून मोठे कंद वेगळे लावा, बारीक पिल्लं दुसऱ्या वाफ्यात वाढू द्या.

खोली चुकली तरी हेच होतं. ट्यूलिप, डॅफोडिल यांना कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोली साधारण चालते. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. पिओनीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मातीखाली ५ सेंटीमीटरपेक्षा खोल गेले, तर झाड जगतं, पण फुलायचं नाव घेत नाही. दाढीवाल्या (बिअर्डेड) आयरिसच्या आडव्या खोडाची पाठ तर उन्हाला उघडीच हवी. वरून मातीचा किंवा पालापाचोळ्याचा थर दिला की ते कुजायला लागतं.

कंद कुजतो

कंद हातात घेऊन बुडाशी, जिथून मुळं फुटतात तिथे, अंगठ्याने दाबून बघा. चांगला कंद घट्ट आणि वजनदार लागतो. बूड मऊ असेल, आंबूस वास येत असेल, तर तो लावूच नका, शेजारच्यांनाही बाधेल. निरोगी कंद नंतर कुजला, तर निचरा आणि पाणी तपासा. पानं वाळल्यावर कंदाला विश्रांती हवी असते, तेव्हा रोजचं पाणी त्याला मारक ठरतं. डेलियाचे गड्डे लावल्यावर कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा. गड्डा वाटताना प्रत्येक तुकड्याला मानेशी एक डोळा राहिलाच पाहिजे. नुसता जाडजूड कंद कितीही टवटवीत दिसला, तरी त्याला कोंब येत नाही. कच्चं शेणखत कंदाला टेकू देऊ नका.

थंडीचं गणित

ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे थंडी लागते. ती नसेल तर दांडा आखूड राहतो किंवा कळी आतच जळते. सौम्य हवामानात कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद किंवा पिकणारी फळं असतील, तर त्यातून सुटणारा इथिलीन वायू कंदाच्या आतली कळी मारतो. वरून कंद ठणठणीत दिसतो, त्यामुळे दोष कंदाला दिला जातो.

अचानक उमटलेल्या रेषा

एकरंगी ट्यूलिपवर एखाद्या वर्षी पिसासारखे सुंदर पट्टे आले, तर हुरळून जाऊ नका. हा विषाणूचा रोग आहे, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं. मावा ही कीड तो पसरवते आणि कंद वर्षागणिक क्षीण होत जातो. असं झाड कंदासकट काढून टाका, जीव कितीही तुटला तरी. लिलीत हा विषाणू लक्षणं न दाखवता राहू शकतो, म्हणून ट्यूलिप आणि लिली शेजारी नकोत. जुने पट्टेदार ट्यूलिप मुद्दाम जपायचेच असतील, तर बाकीच्यांपासून बरेच लांब लावा.

नाव हरवणं

कंद जमिनीखाली गेला की वर काहीच खूण राहत नाही आणि खुरपणीत तो कापला जातो. प्लास्टिकची पाटी उन्हाने ठिसूळ होते, शाई उडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्याने नाव कोरा, आणि कोणता वाण कुठे आहे याचा आराखडा वहीतही काढून ठेवा. दुर्मीळ वाणाचे दोन-चार कंद दुसऱ्या कुणाच्या बागेत नावासकट देऊन ठेवा, म्हणजे आपल्याकडचे गेले तरी परत मागता येतील.