रक्ताभिसरण शिकवताना तक्त्याआधी मनगट

आठवीच्या वर्गाला रक्ताभिसरण शिकवायला मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा भिंतीवर तक्ता टांगूनच सुरुवात केली होती. त्यात रोहिण्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या होत्या. पुढे चाचणीच्या वह्या तपासताना बऱ्याच मुलांनी ‘शिरांमधील रक्त निळे असते’ असे लिहिलेले आढळले. चूक माझी होती, कारण आपल्या शरीरात रक्त कुठेही निळे नसते, प्राणवायू कमी झाल्यावर ते फक्त गडद लाल दिसते, हे मी सांगितलेच नव्हते.

म्हणून नव्या शिक्षकांना माझे सांगणे असे, की तक्ता नंतर टांगावा आणि पहिली तासिका मुलांच्या स्वतःच्या शरीरासाठी द्यावी. नख दाबले की त्याखालचा भाग पांढरा पडतो आणि सोडताच पुन्हा गुलाबी होतो. केसासारख्या बारीक केशवाहिन्यांतून रक्त वाहते, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते. मग मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटे ठेवून नाडी मोजायला लावावी. त्यासाठी अंगठा वापरू देऊ नये, कारण त्याचीच नाडी जाणवून मोजणी चुकते.

यानंतरचा गुणाकार मला या पाठाचा गाभा वाटतो. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर पाच लिटर होतात, आणि शरीरातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. मग दर मिनिटाला एवढे रक्त येते कुठून, असे विचारून थांबावे. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, तेच परत येत असणार.” अन्नापासून यकृतात रक्त तयार होते आणि अवयवांत खर्ची पडते, ही शतकानुशतके चालत आलेली समजूत इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये अशाच हिशेबाच्या आधारे खोडून काढली होती, हे त्या क्षणी सांगितले की मुले ते विसरत नाहीत.

रक्तपेशींची नावे पुस्तकात आहेतच; रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तपट्टिका मात्र खो-खो खेळताना खरचटलेल्या गुडघ्यावरच्या खपलीवरून शिकवाव्यात.

रक्तगट दाखवण्यासाठी वर्गात कोणाच्याही बोटाला सुई टोचू नये. धावून आल्यावर नाडी मोजण्याचा प्रयोगही ऐच्छिक ठेवावा. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत वर्गात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेले मूल असू शकते आणि दमछाक त्याला त्रासदायक ठरते. त्याचा आजार चारचौघांत न उच्चारता घड्याळ लावून वेळ सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.