वाळुंजाचा खुंट नदीकाठी कसा जगवावा

‘वाळुंज काय, फांदी खोचली की लागतो,’ असं नदीकाठी वाढणाऱ्या या झाडाबद्दल (आपला देशी विलो) गोदाकाठी कुणीही सांगतं. हा सल्ला ऐकून मी पहिल्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या बाजूला पंचवीस खुंट, म्हणजे लावणीसाठी तोडलेल्या जाड फांद्या, लावले. मार्चमध्ये बहुतेकांना पालवी आली. मे संपेपर्यंत दोनच उरले.

बियांच्या नादी लागू नका. वाळुंजाचं बी कापसाच्या तंतूंवर उडत जातं आणि थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती संपते. खुंटच लावा. फक्त सगळे खुंट एकाच झाडाचे घेऊ नका. वाळुंजात नर झाड वेगळं, मादी वेगळी. दोन्ही जवळपास असली तरच पुढे बी धरतं.

पान गळून नवे डोळे फुटायच्या आत, थंडीत फांद्या तोडा. पावसाळ्यात लावलेला खुंट मूळ धरायच्या आतच पुरात जातो. अंगठ्यापेक्षा जाड, सरळ, चार-पाच फुटांची फांदी घ्या. बुडाला तिरका काप, शेंड्याला सपाट, म्हणजे उलटी लावण्याची चूक होत नाही. दोन दिवस बुडं पाण्यात ठेवा.

आता लावणी. माझं सगळं नुकसान इथेच झालं.

खुंटाला पालवी फुटते ती फांदीत साठलेल्या अन्नावर. मुळं तेव्हा धड सुरूही झालेली नसतात. पालवी दिसली म्हणजे झाड लागलं, असं समजून लोक पाठ फिरवतात आणि उन्हाळ्यात नदी खाली जाते. मी फूटभरच खोचलं होतं. वरची माती वाळली, ओल खाली गेली आणि खुंट कोरड्या मातीत उभे राहिले. दुसरा घात काळ्या मातीचा. एप्रिलमध्ये ती भेगाळते, भेग नेमकी खुंटाच्या कडेने जाते, हवा आत शिरते आणि कोवळी मुळं तुटतात.

म्हणून पहारीने आधी भोक पाडा. खुंट ठोकून आत घालू नका, साल सोलली जाते. लांबीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेलाच पाहिजे. साडेचार फुटी खुंट असेल तर तीन फूट आत, दीड फूट वर. वरचं लांब ठेवायचा मोह आवरा. जितकी पानं जास्त, तितकं पाणी जास्त उडतं. भोकात गाळ पाण्यात कालवून ओता आणि काठीने ढवळत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. पोकळी राहिली तर खुंट गेला. वर उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन द्या, म्हणजे भेगा कमी पडतात.

जागा ठरवताना आपल्याकडे एक फसगत हमखास होते. गंगापूर किंवा दारणा धरणातून आवर्तन (सिंचनासाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) सुटलेलं असलं की नदी भरलेली दिसते, आणि आपण त्या पाण्याच्या रेघेवर खुंट लावून मोकळे होतो. आवर्तन बंद झालं की तीच जागा कोरडी ठाक. आवर्तन नसताना जा, पहारीने खणा आणि तीन फुटांवर माती हाताला ओली लागते का पाहा. लागत नसेल तर दोन पावलं खाली सरका. नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदी तोडायची नाही आणि लावायचीही नाही.

शेळ्यांनी खाऊ नये म्हणून खुंटाभोवती बाभळीच्या काट्या लावा.

मे महिन्यात पानं गळू लागली तर घाईने उपटू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर जीव आहे, बुडाशी दोन कळशा पाणी द्या. पहिल्या पुरात खुंट आडवा झाला तरी तो लवचिक असतो, सहसा मोडत नाही. पाणी ओसरलं की त्यावरचा कचरा काढा, सरळ करा आणि पायाने माती दाबा.